तेहतिसाव्या पट्ट्यापासून खाली

भागू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी रस्त्यात कुत्रं दिसलं की ती जागच्या जागी खिळायची आणि थोरल्या भावाने येऊन हात धरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची नाही. त्या भावाने, म्हणजे दादाने, तिचं ‘भित्री भागूबाई’ करून टाकलं. पुढे ‘भित्री’ गळून पडलं आणि नुसती भागू उरली. शाळेचा दाखला आणि पगारपत्रक सोडलं तर खऱ्या नावाची गरज कुठे पडत नसे. एक्कावन्नाव्या वर्षीही ती भागूच होती, आणि खरं सांगायचं तर भित्रीही तेवढीच होती.

सत्तावीस वर्षं ती एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकांची बांधणी करत होती. पाठ मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं वरून टोपलीत यायची. ती पानांच्या घड्या नीट लावायची, दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक घडी दुसरीला शिवायची, मग पाठीवर सरस, मग पुठ्ठा. खोलीला एक दार आणि छताला लागून एक खिडकी, तीही अशी की रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. भागूला ती खोली जिवापाड आवडायची. तिथे काय कुठे आहे ते तिला डोळे मिटून ठाऊक होतं, आणि अचानक काहीही घडत नसे.

घरी मात्र वहिनी होती. वहिनी शाळेची बस चालवायची. पंचेचाळीस मुलांचा कालवा आणि वर इंजिनाचा आवाज, या दोन्हींवरून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे साधं ‘मीठ दे’ म्हणाली तरी शेजारी दचकत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने या नणंदेला कधी लाडाने, कधी वैतागून सांभाळलं होतं. लाडात असली की ‘भागू’. वैतागली की जुन्या बायकांसारखं ठासून ‘वन्सं’ म्हणायची. ‘वन्सं’ ऐकू आलं की भागू ओळखायची, आज वारा कुठून वाहतोय.

दादा जाऊन तीन वर्षं झाली होती. एकोणीस दिवस तो दवाखान्यात होता. अठरा दिवस भागू रोज संध्याकाळी डबा घेऊन गेली, त्याच्या उशाशी बसली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला, ‘सगळ्यांनी लगेच या.’ वहिनी तिथेच होती. भागू चप्पल घालून दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. आणि तिथेच बसली, पायपुसण्यावर. दुपारी वहिनी घरी आली तेव्हाही ती तशीच बसलेली होती, चपला पायात. वहिनी काही बोलली नाही. तिला ओलांडून आत गेली. त्यानंतर तीन वर्षांत त्या सकाळबद्दल दोघींपैकी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. एकत्र जेवत होत्या, एकमेकींची औषधं आणत होत्या, पण ती गोष्ट घरात तिसऱ्या माणसासारखी वावरत होती.

दादा आणि वहिनी दर वर्षी डोंगरातल्या सरकारी राखीव जंगलात चार दिवस तंबू ठोकून राहायला जायचे. भागूला विचारायचे, भागू नाही म्हणायची, आणि ते परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. दादा गेल्यावर तंबू माळ्यावर पडून होता. एका रविवारी वहिनीने तो खाली काढला आणि झटकला.

“मी जाणार आहे,” वहिनी म्हणाली. “तीन दिवस. तू येतेस?”

“आणि मी नाही आले तर?”

“तर एकटी जाईन.”

भागूने रात्रभर विचार केला. जंगलात जायची कल्पनाही तिला नको होती. पण वहिनी तिकडे एकटी आणि आपण इकडे फोनकडे बघत एकट्या, हे तर त्याहून वाईट. घरी बसून एकटीने भिण्यापेक्षा तिच्या सोबतीने भ्यायलेलं परवडलं, असा हिशेब करून तिने सकाळी चहा गाळताना सांगून टाकलं, “येते.”

वहिनी इतकी चकित झाली की पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “खरंच?”

भागूच्या पिशवीत काय नव्हतं! मेणबत्त्या, काडेपेट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोन विजेऱ्या, पट्ट्या, मलम, तापाच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, तंबू फाटला तर शिवायला दाभण आणि कामावरचा मेण लावलेला दोरा, अख्खं रीळ. वहिनीने पिशवी उचलून बघितली. “अगं, फिरायला चाललोय की दवाखाना काढायला?”

आठवड्याचा मधला वार होता आणि थंडी सुरू झाली होती, त्यामुळे जंगलाच्या नाक्यावर दुसरी गाडी नव्हती. नाक्याशेजारी एक पत्र्याच्या छपराची चौकी, आत शेगडी, भिंतीला नकाशा आणि वायरलेसचा डबा. वनरक्षक म्हणजे तिशीतली एक सडपातळ बाई होती. खाकी कपडे, कानाला लोकरीची टोपी. तिने वहीत दोघींची नावं लिहून घेतली आणि रोजचीच कॅसेट लावल्यासारखं सांगायला सुरुवात केली.

“खायच्या सगळ्या वस्तू तळावरच्या लोखंडी पेटीत ठेवायच्या. तंबूत बिस्किटसुद्धा नको. साबण, दातांची पेस्ट, तीही पेटीत. अस्वलाला वास लागतो.”

भागूने वहिनीचा दंड धरला.

“पायवाट सोडायची नाही. झाडांवर पिवळे पट्टे मारलेत, ते धरून चालायचं. ही एकेक शिट्टी घ्या. अडचणीत तीनदा फुंकायची, थांबायचं, परत तीनदा. इथे फोनला रेंज नाही. आणि अस्वल समोर आलंच—”

“येतं?” भागूने विचारलं.

“येतं कधीकधी. आलं तर पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचं आणि बोलत बोलत मागे सरकायचं. माणूस आहे हे त्याला कळलं पाहिजे.”

“काय बोलायचं?”

वनरक्षक बाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. “काहीही. त्याला कुठे कळतंय?”

वहिनी खो खो हसली. भागूला मात्र हसायला सुचलं नाही. तिने ते सगळं मनातल्या मनात चार वेळा म्हणून पाठ केलं.

पहिली रात्र तिने जवळजवळ बसून काढली. तंबूचं कापड इतकं पातळ की बाहेरचा वारा गालाला कळत होता. पानांवर काहीतरी खसखसलं की तिचा श्वास थांबे. शेजारी वहिनी घोरत होती, आणि भागूला एकाच वेळी त्या घोरण्याचा राग येत होता आणि आधारही वाटत होता. सकाळी उजाडलं तेव्हा कळलं, रात्रभर खसखसत होतं ते वहिनीने वाळत घातलेलं प्लास्टिक.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून दोघी वरच्या कड्याकडे निघाल्या, भागूची पिशवी अर्थातच तिच्या पाठीवर. तिथून पलीकडची सगळी रांग दिसते, दादा तिथे तासभर नुसता बसून राहायचा, असं वहिनी सांगत होती. झाडं सरळसोट आणि उंच, बुंध्यांवर शेवाळ, खाली सुयांसारख्या पानांचा जाड थर, त्यावर पावलांचा आवाजच होत नव्हता. भागू पिवळे पट्टे मोजत होती. मोजलं की भीती थोडी आवरली जाते, हा तिचा जुना अनुभव. तळाजवळचा पहिला. मग दुसरा. बारावा एका वाकलेल्या झाडावर होता. अठरा आणि एकोणीसच्या मध्ये झाडंच नव्हती, नुसते धोंडे घसरून आलेले, त्यावरून पायवाट आडवी जात होती. सव्विसावा पट्टा अर्धा सोललेल्या सालीवर.

“तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?” वहिनीने विचारलं.

“सव्वीस.”

“धन्य आहेस बाई.”

तेहतिसाव्या पट्ट्याजवळ धुकं आलं. आलं म्हणजे कसं, तर खालून दरीतून वर चढत आलं आणि पाहता पाहता पुढची झाडं पुसली गेली. भागू म्हणाली, “परत फिरूया.” वहिनी म्हणाली, “दोन मिनिटं थांब, फाटेल.” खरंच समोर एक फट पडली आणि त्यातून पलीकडच्या डोंगराचा उन्हातला तुकडा दिसला. “बघ, बघ!” म्हणत वहिनी पायवाटेच्या कडेला दोन पावलं पुढे गेली. पायाखालची माती ओली होती. ती सुटली.

ओरडण्याचा आवाज आला नाही. आधी दगड गडगडल्याचा, मग फांद्या मोडल्याचा, मग काहीच नाही. भागू जिथे होती तिथेच उभी होती. वहिनी उभी होती तिथे आता धुकं होतं.

“वहिनी?”

काही नाही.

“वहिनी! अगं वहिनी!”

ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत कडेपर्यंत गेली. उभ्याने जायची तिची हिंमत नव्हती. खाली पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. तिने मनात मोजायला सुरुवात केली, कारण दुसरं काय करायचं ते तिला कळेना. अकरापर्यंत आली तेव्हा खालून कण्हल्यासारखा आवाज आला.

“आहे... आहे मी.”

“कुठे लागलंय?”

“पाय. उजवा. तो... तो भलतीकडेच वळलाय गं भागू.” मग थोडं थांबून, “एका झाडाला अडकलेय. खाली अजून खोल आहे. तू येऊ नकोस.”

येऊ नकोस म्हणायची गरज नव्हती. भागूने शिट्टी काढली, तीनदा फुंकली, थांबली, परत तीनदा. धुक्याने आवाज गिळून टाकला. तळावर दुसरं कुणी नव्हतं. चौकी तळाच्याही खाली, पाऊण मैलावर. तिने परत फुंकली. घड्याळात अडीच वाजले होते, आणि साडेपाचला उजेड संपणार होता.

“कुणी ऐकत नाहीये,” ती खाली ओरडली.

“मग खाली जा आणि त्या बाईला घेऊन ये.”

“मी?”

“नाही, अस्वलाला पाठव!” वहिनी ओरडली, आणि लगेच कळवळली. मग ती म्हणाली, तिच्या मानाने फारच हळू, “खूप थंडी वाजतेय गं.”

भागूने अंगातलं जाड जाकीट काढलं, त्यात पिशवीतली पाण्याची बाटली आणि तापाच्या गोळ्या गुंडाळल्या, दोऱ्याने बांधलं आणि आवाजाच्या रोखाने सोडलं. दोन प्रयत्न फुकट गेले. तिसऱ्यांदा खालून “मिळालं” आलं. मग तिने दोरा कापला आणि उभी राहिली. तिला बसावंसं वाटत होतं. नुसतं खाली बसावं, डोळे मिटावे, कुणीतरी येईल. हे बसणं तिच्या ओळखीचं होतं. ती तसं एकदा बसली होती.

“जाते,” ती म्हणाली. “वहिनी, मी जाते. शिट्टी वाजवत राहा.”

खालून उत्तर आलं नाही. बहुतेक वहिनीला खरं वाटलं नसावं.

तेहतीसपासून बत्तीसपर्यंत सोपं गेलं, कारण तो पट्टा धुक्यातही पिवळट दिसत होता. बत्तीसपासून एकतीस दिसला नाही. भागू झाडाला हात लावून उभी राहिली. आपण चुकलो तर आपणही गेलो आणि वहिनीही गेली, एवढं एकच वाक्य डोक्यात भणभणत होतं. पायाखालची वाट मात्र थोडी दबलेली होती. ती वाकून, वाट हाताने चाचपत, म्हातारी बाई सांडलेली सुई शोधते तशी चालू लागली. एकतीस. तीस. प्रत्येक पट्ट्याला ती तळवा लावायची आणि आकडा मोठ्याने म्हणायची. आवाज कापत होता, पण स्वतःचा का होईना, आवाज होता. मागे वरून वहिनीची शिट्टी येत होती, तीन, मग शांतता, मग तीन. सव्विसाव्या पट्ट्यापाशी ती यायची बंद झाली. बंद झाली की फक्त ऐकू येईनाशी झाली, हे ठरवायला भागू थांबली नाही.

एकोणिसाव्या पट्ट्यापाशी धोंडे सुरू झाले. इथे दबलेली वाट नव्हती, चाचपायला काही नव्हतं. दगड, धुकं, आणि डावीकडे उतार. जाताना पंचवीस-तीस पावलांत पार केलेली जागा. ती दहा पावलं गेली, तिला वाटलं आपण खाली सरकतोय, आणि धाबं दणाणून परत फिरली. परत एकोणिसाचं झाड सापडेपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हा तिला दोऱ्याची आठवण झाली. तिने रिळाचं टोक त्या झाडाच्या बुंध्याला बांधलं, रीळ मुठीत धरलं आणि दोरा सोडत निघाली. चुकलो तर दोरा धरून परत येता येईल. पहिल्यांदा ती उताराच्या कडेला पोचली. परत आली. दुसऱ्यांदा एका भल्या मोठ्या धोंड्यावर आदळली. परत आली. तिसऱ्यांदा हाताला साल लागली. तिने नाक झाडाला टेकवून पाहिलं. पिवळा. त्या झाडाला तिने अक्षरशः मिठी मारली आणि रडली. थोडंच. मग दोरा तिथेच सोडून पुढे निघाली.

अकराव्या पट्ट्याच्या आधी दगड उलटल्याचा आवाज आला.

तिला वाटलं माणूस. “अहो! अहो, कुणी आहे का?” असं ओरडून ती चार पावलं धावली, आणि थांबली. वाटेवर, एखाद्या बसच्या लांबीएवढ्या अंतरावर, काळी आकृती होती. खाली मान घालून दगड उलटत होती आणि खालचं चाटत होती. तिच्या मागे एक छोटी काळी आकृती. मोठीने डोकं वर केलं.

पळायचं नाही, हे भागूला आठवत होतं, पण ते पाळायचा प्रश्नच नव्हता, पाय हलतच नव्हते. बोलायचं, हेही आठवत होतं. बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. अस्वलाने नाक वर करून हवा हुंगली आणि ते मागच्या पायांवर उभं राहिलं. ते उभं राहिल्यावर भागूपेक्षा उंच झालं.

“अहो,” भागू म्हणाली.

आपण अस्वलाला ‘अहो’ म्हणालो हे तिला नंतर कळलं. त्या वेळी तिच्या तोंडून जे येत होतं ते ती नुसती येऊ देत होती.

“अहो, माझी वहिनी वर पडलीये. पाय मोडलाय तिचा. मला खाली जायचंय, तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये. तुम्ही तुमचं खा. मी मागे सरते. हे बघा, सरले. माझ्याकडे खायला काही नाही, सगळं पेटीत ठेवलंय, त्या बाईंनी सांगितलं होतं. वहिनीला थंडी वाजतेय. माझा दादा असता तर मला यावं लागलं नसतं. तो नाहीये. मी त्याला शेवटचं बघितलंसुद्धा नाही. वहिनी काही बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं. हे बघा, अजून मागे सरले.”

पाठीला बाराव्या पट्ट्याचं वाकलेलं झाड लागलं. त्याला टेकून ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. पुस्तकाची घडी कशी शिवतात तेही बोलली असावी. अस्वल चार पायांवर आलं, फुस्स केलं, परत एक दगड उलटला. त्याला घाई नव्हती. पिल्लू वाटेच्या या बाजूला आलं, त्या बाजूला गेलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग दोघं वरच्या अंगाला झाडीत शिरली आणि फांद्यांचा आवाज लांब लांब गेला. भागू आवाज बंद झाल्यावरही शंभर मोजेपर्यंत उभी होती. तेव्हा तिला जाणवलं की आपले कपडे ओले आहेत. धुक्याने नव्हे.

चौकीच्या दारात ती पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. वनरक्षक बाई शेगडीवर पाणी तापवत होती. भागूने तोंड उघडलं, आणि जे शंभरदा पाठ करत आली होती ते एका दमात बाहेर पडलं. “तेहतिसाव्या पट्ट्यापाशी, उजवीकडे, पंधरा-वीस फूट खाली, झाडाला अडकलीये, उजवा पाय मोडलाय, शुद्धीवर आहे, अडीच वाजता पडली.”

वनरक्षक बाईने एकही उलटा प्रश्न केला नाही. वायरलेसवरून खालच्या ठाण्यातून माणसं, गाडी आणि स्ट्रेचर मागवलं. मग तिने भागूकडे एकदा नीट पाहिलं, कपाटातून स्वतःची खाकी पँट आणि स्वेटर काढला, टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवून दोर शोधायला लागली. भागूला तिचे पाय धरावेसे वाटले.

माणसं आली, चौघं. वनरक्षक बाई म्हणाली, “ताई, तुम्ही शेगडीजवळ बसा. आम्ही आणतो त्यांना.”

नको म्हणायचं काहीच कारण नव्हतं. शेगडी उबदार होती, दाराला आतून कडी होती. बाहेर अंधारत होतं, आणि त्या वाटेवर ती दोन अस्वलं कुठेतरी होती. भागूच्या मनात ‘बरं’ आलं होतं. तोंडातून निघालं, “धोंड्यांपाशी माझा दोरा आहे. मी येते.”

विजेऱ्यांच्या उजेडात, माणसांच्या मध्ये चालत ती परत वर गेली, आणि वाटभर तिचे दात वाजत होते. तेहतिसाव्या पट्ट्याशी पोचल्यावर सगळ्यांनी हाका मारल्या. उत्तर नाही. भागू कडेला आडवी झाली आणि खाली ओरडली, “वहिनी! मी आलेय!”

शिट्टी वाजली. एकदाच, फुटकी, जेमतेम.

दोर लावून दोघं खाली उतरले. वहिनीला वर घ्यायला तासाहून जास्त वेळ लागला. स्ट्रेचरवर बांधून तिला वर आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि भागूचं जाकीट तिने दातांत धरलं होतं. भागूने ते सोडवलं. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मला वाटलं, तू येणार नाहीस.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” भागू म्हणाली.

वहिनीने डोळे मिटले. “त्या दिवशी त्याने तुझी आठवण काढली होती. मी त्याला म्हणाले, भागू येतेय, रस्त्यात आहे. मी खोटं बोलले त्याच्याशी. आणि त्याचा राग तुझ्यावर धरून बसले.”

“रागवायलाच हवं होतं.”

“गप्प बस,” वहिनी म्हणाली, आणि स्ट्रेचर उचलताना तिने भागूचा हात असा धरला की तळापर्यंत चारही माणसांना दोघींच्या बेताने चालावं लागलं.

पायाचं हाड दोन जागी मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, सळई बसवली, दोन महिने प्लास्टर. त्या दोन महिन्यांत वहिनीने येणाऱ्या-जाणाऱ्याला अस्वलाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की अस्वल दर खेपेला वीतभर वाढत गेलं. भागू आतून म्हणायची, “एवढं मोठं नव्हतं.” वहिनी म्हणायची, “तू डोळे उघडे ठेवले होतेस का?” लोकांना वाटलं, आता भागूची भीती मोडली असणार. ती काही मोडली नाही. झोपण्याआधी ती गॅसची कळ अजूनही तीनदा बघायची. उलट एक नवीन भीती तिला लागली होती, दाट धुक्याची, आणि थंडीत खिडकीची काच पांढरी झाली की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. वनरक्षक बाईची पँट आणि स्वेटर तिने धुऊन, इस्त्री करून, पुठ्ठ्याच्या खोक्यात शिवून पाठवून दिला. चिठ्ठीत काय लिहावं ते तिला सुचेना, म्हणून फक्त ‘उपकार’ एवढंच लिहिलं.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी वहिनीला चालायला सांगितलं. पहिले आठ दिवस ती घरातल्या घरात चालली. नवव्या दिवशी, कुबडी घेऊन, तीन मजले उतरून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जायचं ठरलं. दोघी जिन्याच्या तोंडाशी आल्या. वहिनीने खाली पाहिलं. कठड्यावरची तिची बोटं पांढरी झाली.

“काय गं?” भागूने विचारलं.

वहिनीने वर-खाली पाहिलं, शेजारी कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली. तिच्या कपाळावर घाम होता. “भागू, मला भीती वाटतेय.”

एवढ्या वर्षांत लोकांनी भागूला हजारदा सांगितलं होतं, घाबरण्यासारखं काय आहे त्यात. त्याचा उपयोग किती होतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तिने ते म्हटलं नाही. ती एक पायरी खाली उतरली, वळली, आणि वहिनीच्या समोर उभी राहिली.

“वाटू दे,” ती म्हणाली. “आधी कुबडी. मग दुखरा पाय. मी एक म्हणते.”

तीन मजले उतरायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. खाली पोचल्या तेव्हा भाजीवाला दुपारच्या सुट्टीसाठी फळकूट लावत होता, आणि वहिनीने रस्त्याच्या या टोकावरून त्याला अशी हाक मारली की त्याने निमूटपणे ते परत काढलं.